कासला एप्रिलमध्ये कोणी जात नाही

प्रश्न असा आला आहे: "आम्ही सांगलीत, विश्रामबागेत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं, मोठा आठ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. कास, ठोसेघरला गेलो की मोबाईलवरचे फोटो सुरेख येतात. घरात काढले की नुसता पसारा दिसतो, चेहरे पिवळट आणि कंटाळलेले. सासूबाई तर फोटो म्हटलं की उठून आत जातात. रोजच्या जगण्यातलं चांगलं काही टिपायचं तर कॅमेरा घ्यावा का? सुरुवात कुठून करू? घराचं दार पूर्वेला आहे, स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला."

ताई, कॅमेऱ्याचं शेवटी बोलते, कारण त्याच्यावाचून तुमचं काही अडलेलं नाही. सांगलीत लग्नं, बारशी, साठीशांतीचे फोटो काढण्यात माझी बरीच वर्षं गेली, अगदी रोलच्या काळापासून. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. बाहेर फिरायला जाताना आपण वेळ आणि ऋतू बघून निघतो, घराची वेळ मात्र कधीच बघत नाही.

कासचंच घ्या. तुम्ही तिथं गेला असाल ते ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी. तेव्हा सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावर, तेरडा असतो, सोनकी असते, गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे. १२०० मीटर उंचीवर ढग अंगाला लागून जातात आणि उजेड असा पसरतो की कुठं कडक सावलीच पडत नाही. हाच सडा एप्रिलमध्ये बघा. तापलेला कातळ आणि वाळलेलं गवत. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेली ही जागा, पण एप्रिलात तिथं फोटोसाठी कोणी जात नाही. टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तर माणसं तेवढी वर्षं वाट बघतात. म्हणजे कासचा निम्मा फोटो ऋतूनंच काढून ठेवलेला असतो. आणि घरातले फोटो आपण कधी काढतो? रात्री साडेआठला, ट्यूबखाली, पाहुणे जायला उठले की सगळ्यांना सोफ्यासमोर उभं करून. घरालाही बहर असतो, ताई. तो कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीत, किती वाजता येतो एवढं कळलं की पुढचं काम सोपं आहे.

तुमच्या घराचं मी इथं बसूनही थोडंफार सांगू शकते. सांगली जवळपास १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा छज्जा फार बाहेर आलेला नसेल, तर त्या दिवसांत ऊन ओट्यावरून उतरून फरशीवर चार-पाच फूट आत येत असणार. मेच्या ७-८ तारखेला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेच्या बाजूला असतो आणि तुमच्या त्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. पूर्वेच्या दाराचं गणित वेगळं. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२च्या सुमारास सूर्य नेमका पूर्वेला उगवतो, तेव्हा सकाळचं ऊन दारातून सरळ समोरच्या भिंतीवर जातं. जूनमध्ये तो सुमारे २५ अंश उत्तरेकडं सरकून उगवतो, म्हणून ऊन तिरकं होऊन दक्षिणेकडच्या भिंतीवर पडतं. डिसेंबरमध्ये याच्या उलट. समोर मोठी इमारत उभी राहिली असेल तर यात फरक पडेल, पण ते तुम्हालाच बघावं लागेल.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस फोटो काढूच नका. येता-जाता फक्त बघा, ऊन कुठं पडलंय, किती वाजता. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडतो, तिथंच त्या चौकोनात लिहून ठेवा: "७:४०, देव्हारा." "३:१५, जिन्याची तिसरी पायरी." दर महिन्याला एकदा असं केलंत की वर्षभरात घराचं पंचांग तयार होतं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी हेच पहिलं काम देते. सुरुवातीला कंटाळतात, पण नंतर त्यांना कॅमेरा नसतानाही उजेड दिसायला लागतो.

चेहरे पिवळट येतात त्याचं कारण सरळ आहे. खिडकीचा उजेड एका रंगाचा, दिव्याचा दुसऱ्या रंगाचा, आणि मोबाईल दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही. दिवसा फोटो काढताना दिवे बंद करा. माणसाला खिडकीच्या अगदी जवळ, उजेड एका गालावर येईल असं बसू द्या. खिडकीपासून दोन पावलं मागं गेलं तरी उजेड झपाट्यानं कमी होतो. डोळा ते सावरून घेतो म्हणून आपल्याला जाणवत नाही. मग पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून तसंच दाबून धरा, म्हणजे उजेडाचं मोजमाप तिथं थांबेल, आणि बाजूला येणारी उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. थोडी म्हणजे खरोखर थोडी. मोबाईलला सगळंच लख्ख उजळून दाखवायची सवय असते, त्यात सकाळची सकाळ राहत नाही. आणि चेहरा गुळगुळीत करणारी ती 'ब्युटी' आधी बंद करा. सासूबाईंच्या कपाळावरच्या रेषा पुसून टाकणाऱ्या फोटोत मला सासूबाई सापडत नाहीत.

आता त्यांच्याबद्दल. त्या उठून आत जातात, कारण आपण त्यांना काम सोडून समोर बसायला सांगतो. ज्या पिढीला फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन अंग आक्रसून बसणं एवढंच माहीत, तिला "हसा" म्हणणं ही शिक्षाच आहे. त्यांना हसायला सांगू नका, कुठं बघायचं तेही सांगू नका. त्यांचं राज्य जिथं चालतं तिथं जा. आणि वर्षात असे दिवस येतात, जेव्हा अख्खं घर त्यांच्या हुकमावर चालतं. कुरडयांचा दिवस घ्या.

मार्च-एप्रिलमधलं वाळवण हा माझ्या मते आपल्या भागातल्या घरांचा सगळ्यांत मोठा बहर आहे, आणि त्याचे फोटो जवळजवळ कोणीच काढत नाही. गहू तीन दिवस भिजत घातलेले, रोज पाणी बदललेलं, वाटून चीक काढलेला, रात्रभर निवळलेला. पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. ही वेळ साडेसहा ते आठची, म्हणजे फोटोवाला जी वेळ मागून घेईल तीच. ऊन अजून तिरकं आणि मऊ असतं. आणि गच्चीवर काय अंथरलेलं असतं? जुनी पांढरी सुती साडी नाहीतर धोतर. आम्ही लग्नात चेहऱ्यावर उजेड परतवायला पांढरे पडदे घेऊन एक पोऱ्या उभा करतो. इथं ते काम साडी करते. वाकून कुरडई घालणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर, हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत खालून उजेड जातो आणि एकही कडक सावली राहत नाही. बाजारातला कोणताही दिवा आणून मला असा उजेड करता आलेला नाही. हल्ली प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्यावर चकाकी फार येते, तेव्हा जमलं तर त्या दिवशी साडीच काढायला लावा.

पातेल्यातून निघणारी वाफ हवी असेल तर सूर्य पातेल्याच्या पलीकडं घ्या आणि मागं काहीतरी गडद येऊ द्या, टाकीची सावली, जिन्याचं दार, काहीही. उजेड पाठीमागून आला तरच वाफ दिसते, समोरून आला की नाहीशी होते. सोऱ्या फिरवणाऱ्या हातांचे फोटो जवळून घ्या. धाकटीला वाटीत चीक, दूध-साखर घालून दिला जाईलच, तेव्हा तुम्ही तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, वरून काढू नका. सासूबाईंचा पहिला फोटो पाठमोरा असला तरी चालेल. दुसरा हातांचा. दुपारी पाय पसरून बसल्या की ते दोन्ही त्यांना दाखवा. बहुतेक बायका त्यावर म्हणतात, "अगं, ही कुरडई वाकडी पडलीय." म्हणजे त्यांनी स्वतःकडं बघितलं, आणि ते त्यांना सोसलं. पुढच्या वेळी त्या आत जाणार नाहीत.

तुमचं माहेर तासगावकडं असेल किंवा कोणी द्राक्षवाले नातेवाईक असतील, तर याच सुमारास बेदाण्याच्या शेडवर जाणं होईल. तिथं हिरव्या जाळीतून आलेला उजेड माणसांना हिरवट करतो. काम करणाऱ्यांचे चेहरे हवे असतील तर शेडच्या कडेला, मोकळ्या बाजूला थांबा. हळदीचे दिवस, संक्रांतीनंतरचं बोरन्हाण, दिवाळीत मुलांनी अंगणात केलेला मातीचा किल्ला, हे सगळं तुम्ही एरवीही काढत असाल. फक्त किल्ला पुरा झाल्यावर नको, चिखलात हात बुडालेले असताना काढा. बेंदराचे बैलही देव्हाऱ्यासमोर पूजेला मांडण्याआधी, ओल्या मातीचे असताना घ्या.

पावसाळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण पाऊस लागला की बहुतेक जण मोबाईल खिशात ठेवतात. ढगाळ आभाळ म्हणजे सगळ्या घरावर लावलेला एकच मोठा मऊ दिवा. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचा फोटो दिवसभरात कधीही चांगलाच येतो. फक्त मागं दार नको, नाहीतर चेहरा काळा पडेल. तुम्ही दाराकडं पाठ करा, माणसानं दाराकडं तोंड करावं. पावसाच्या धारा टिपायच्या असतील तर त्यांच्यामागं लिंबाचं झाड किंवा ओली काळी भिंत घ्या. पांढऱ्या आभाळावर पाऊस दिसत नाही. घरात दोरीवर वाळत घातलेले कपडे, त्यांच्यामधून डोकावणारी धाकटी, दमट भिंत, चहा. याला तुम्ही पसारा म्हणता, मी म्हणत नाही.

आणि सांगलीतला पावसाळा म्हणजे नदी. आपल्याकडं रिमझिम असते, कोसळतो तो वर, कोयनेच्या बाजूला, आणि कृष्णा इथं चढत जाते. सासरे नातवाला घेऊन आयर्विन पुलावर पाणी बघायला जात असतील. १९२९ पासून उभ्या असलेल्या त्या पुलावर आजोबांनी नातवाला पाण्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगणं हा या शहरातला वर्षाचा ठरलेला विधी आहे. त्यांच्या मागं चार पावलं राहा आणि काढा. पाण्याचे फोटो सगळेच काढतात, तुम्ही पाणी बघणाऱ्यांचे काढा.

ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. पूर ओसरल्यावर पुढचे कित्येक आठवडे माझ्याकडं लोक चिखलानं भरलेले अल्बम घेऊन येत होते. ते काम उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवते. ओले फोटो एकमेकांना चिकटलेल्या स्थितीत वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून, चित्रावर बोट न घासता हळूहळू सुटे करायचे, गाळ पाण्यातच हलवून घालवायचा आणि सावलीत, चित्र वर करून, एकमेकांना न लागता पसरायचे. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे बुरशी थांबते. लॅबमध्ये धुतलेले जुने फोटो त्यातून बरेच वाचले. घरच्या इंकजेटवर छापलेल्यांची शाई पाण्यात पसरून गेली होती.

तेव्हा वाचलेले फोटो हातात घेऊन माणसं काय बोलायची, ते माझ्या कामाची दिशा बदलून गेलं. नवरा-नवरीच्या सजलेल्या फोटोवर फारसं कोणी थांबत नव्हतं. बोट जायचं ते मागं. "हा बघा आमचा तांब्याचा बंब." "ही आत्याची शिवणाची मशीन." "सोप्यातला झोपाळा, हा काढून टाकला नंतर." एका आजींनी फोटोतल्या फळीवरचे डबे ओळीनं ओळखले, कशात काय होतं त्यासकट. ज्या गोष्टी फोटोच्या आड येतात म्हणून त्या वेळी कोणीतरी बाजूला सारायला बघत होतं, त्याच गोष्टींसाठी ती माणसं रडत होती.

तेव्हापासून कोणाच्या घरी गेले की मी आवराआवर करू देत नाही. फार तर फोटोत उगाच डोळ्यात खुपणारी एखादी वस्तू हलवते, दुकानाची भडक पिशवी किंवा लोंबकळणारा चार्जर. बाकी फळी फळीच्या जागी, औषधांचा डबा सासऱ्यांच्या उशाशी, मुलांच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर. पसारा वाटतो तो बऱ्याचदा आपण लांब उभं राहून सगळंच एकदम घ्यायला जातो म्हणून. दोन पावलं पुढं या, एक माणूस आणि त्याच्या हातातलं एक काम घ्या. नव्वद टक्के पसारा आपोआप बाहेर राहतो आणि जो आत येतो तो त्या माणसाचा असतो.

त्या अल्बममध्ये आणखी एक दिसलं. फोटो काढणारं माणूस घरातून गायब असतं. जुन्या अल्बमांत वडील नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या गळ्यात. आता मोबाईल आईच्या हातात, त्यामुळं गेल्या दहा-बारा वर्षांच्या फोटोंत आया नाहीत. ताई, तुमच्या मोठ्याला मोबाईल द्या. आठ वर्षांचं मूल उत्तम फोटो काढतं, त्याचा डोळा तुमच्यापेक्षा बराच खाली असतो आणि त्याला तुमचा ओटा, तुमची पाठ, तुमचे कणकेचे हात रोज तिथूनच दिसतात. तिरका आला, हलला, तरी पुसू देऊ नका.

कधी काढायचा नाही, तेही सांगते. दुखण्यात, रागात, रडण्यात, कोणी न्हाऊन केस मोकळे सोडून बसलं असताना, मूल भीतीनं थरथरत असताना मोबाईल बाजूला ठेवा. आणि काढलेला फोटो स्टेटसला टाकण्याआधी ज्याचा आहे त्याला विचारा, चार वर्षांच्या धाकटीलासुद्धा. घरच्यांचा विश्वास एकदा उडाला की त्या घरात पुन्हा मोकळा फोटो मिळत नाही.

काढलेले फोटो मोबाईलमध्ये साठवून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. दर महिन्याच्या शेवटी दोघांनी बसून सात-आठच निवडा. भांडण होईल, होऊ द्या, त्या भांडणात घर पुन्हा एकदा बघून होतं. ते लॅबमध्ये चार बाय सहा इंचात छापून घ्या. त्या मापाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साधा मोबाईलही पुरून उरतो. लॅबला पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, त्यात फोटो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं तारीख, जागा, माणसांची नावं लिहा. नावं लिहायचीच, आज सगळ्यांना माहीत असली तरी. पानाला चिकटवायच्या अल्बमपेक्षा खाचांत सरकवायचा किंवा कोपरे लावायचा अल्बम घ्या, चिकट पानांचा डिंक काही वर्षांनी फोटोत उतरतो. आणि आपण सांगलीत राहतो, तेव्हा अल्बम तळमजल्यावरच्या कपाटात नको, माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हवा. मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या गावातल्या बहिणीकडं किंवा भावाकडं असू द्या.

राहिला कॅमेरा. एक वर्षभर, म्हणजे एक पूर्ण फेरा, मोबाईलवर काढा. त्यानंतर संध्याकाळच्या मंद उजेडात फोटो हलतात, दाणेदार येतात, अशी तुमची स्वतःची अडचण ठरली, तर जुना, चांगल्या स्थितीतला आरशाचा (डीएसएलआर) किंवा बिनआरशाचा (मिररलेस) कोणताही कॅमेरा घ्या आणि त्यावर ३५ मिमीची एफ १.८ किंवा एफ २ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, बिनझूमची लेन्स लावा. दुकानदार ५० मिमी सुचवेल. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, लहान असेल तर त्या कॅमेऱ्यावर ती आपल्या खोल्यांत अडचणीची होते, मागं सरकायला जागाच राहत नाही. किटमध्ये मिळणारी लांब झूम घरासाठी काही कामाची नाही. तोवर एक करा, मोबाईलची लेन्स रोज सकाळी सुती कापडानं पुसा. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या मोबाईलवर तेलकट बोटांचा थर असतोच, आणि धुरकट येणारे बरेचसे फोटो त्यापायीच तसे येतात.